इलेक्ट्रॉन फुटत का नाही?

संपादक महोदय,

पाठ्यपुस्तकांत इलेक्ट्रॉन हा ऋणप्रभारित कण म्हणून येतो आणि विषय तिथेच थांबतो. सजातीय प्रभार एकमेकांना दूर ढकलतात, हेही शाळेतच शिकवले जाते. मग इलेक्ट्रॉन चिमुकला गोळा असेल, तर त्याचाच प्रभार त्याला फोडून का टाकत नाही? हा प्रश्न मुलांपुढे यायलाच हवा.

डच भौतिकशास्त्रज्ञ लोरेंट्झ यांनी १९०४ मध्ये गतीच्या दिशेने आकुंचन पावणारा इलेक्ट्रॉन मांडला, पण तो केवळ विद्युतबलांवर टिकेना. फ्रेंच गणितज्ञ प्वांकारे यांनी वेगळ्याच प्रकारच्या दाबाची जोड देऊन तो सावरला. १९६२ मध्ये ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ डिरॅक यांनी पृष्ठताण असलेला, बुडबुड्यासारखा इलेक्ट्रॉन कल्पिला आणि म्युऑन (इलेक्ट्रॉनसारखाच, पण जड कण) ही त्याचीच उत्तेजित अवस्था असावी, असे सुचवले. हिशेबात या अवस्थेचे वस्तुमान इलेक्ट्रॉनच्या सुमारे ५३ पट आले. खरा म्युऑन सुमारे २०७ पट जड आहे. उत्तर चुकले, तरी एवढ्या थोर शास्त्रज्ञाने उतारवयात हा प्रश्न पुन्हा हाती घेतला, याचे मला फार अप्रूप वाटते.

इलेक्ट्रॉनला आकार असल्याचा पुरावा आजही नाही. तो सर्वांत हलका प्रभारित कण असल्याने, प्रभार अक्षय्य असेल तर त्याचा ऱ्हास, म्हणजे आपोआप दुसऱ्या हलक्या कणांत रूपांतर, होऊ शकत नाही. इटलीतील बोरेक्सिनो प्रयोगाने २०१५ मध्ये त्याचे आयुर्मान किमान ६६वर २७ शून्ये इतकी वर्षे ठरवले.

अकरावी-बारावीच्या पुस्तकांत यासाठी निदान एक पान द्यावे.

– एक भौतिकशास्त्र शिक्षिका, सांगली