‘तबला : अज्ञात’ नव्हे!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला वाचकांच्या आवडत्या ध्वनिमुद्रणांचा लेख वाचला. आपल्याला आवडलेलं दुसऱ्याला ऐकवावं, नव्या मुलांच्या कानावर ते पडावं, हा हेतू चांगलाच आहे. केसरबाई केरकरांची भैरवी, अमीर खाँसाहेबांचा मारवा, अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटी, सगळे एकेक राग. निवडीबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. तक्रार आहे ती सातव्या क्रमांकाच्या यमन रागाच्या ध्वनिमुद्रणाबद्दल. त्याखाली आपण छापलं आहे, ‘मिरज, गणेशोत्सव. तबला : अज्ञात.’

तो तबलजी अज्ञात नाही. ते माझे काका होते.

1974 च्या गणपतीतली ही बैठक. गाणाऱ्या बुवांचे तबलजी वेळेवर पोचू शकले नाहीत, म्हणून मंडळाच्या लोकांनी काकांना जेवणावरून उठवून नेलं. दिवसा रेल्वेत नोकरी आणि रात्री नाटकाच्या तालमींना तबला, एवढंच त्यांचं वाजवणं. एवढ्या मोठ्या गवयामागे ते कधी बसले नव्हते. वडिलांनी ती बैठक स्पूलवर, म्हणजे टेपच्या रिळावर, अख्खी घेतली होती. सुरुवातीला तबला सुरात मिळवतानाचे हातोडीचे ठोके ऐकू येत, मग बुवांचं ‘हं, आता लागला’. विलंबित, म्हणजे संथ, एकतालात काका दबकून नुसता ठेका धरून होते. मध्यलयीत बुवांनी त्यांच्यासाठी जागा सोडली आणि तिथून त्यांचा हात मोकळा झाला, हे ऐकणाऱ्याला स्वच्छ कळायचं. शेवटची भैरवी झाल्यावर बुवांनी काकांचं पूर्ण नाव घेऊन सांगितलं होतं की आज यांच्यामुळे गाणं झालं. काकांच्या वाजवण्याची दुसरी कुठलीही खूण आमच्या घरात नाही.

काही वर्षांपूर्वी हे स्पूल आम्ही विश्वासानं एका संस्थेला डिजिटल करायला दिलं. खोक्यात वडिलांच्या अक्षरातली चिठ्ठी होती. तारीख, बंदिशी, तबला, पेटी, मागे तंबोऱ्यावर कोण बसलं होतं, सगळं तिच्यात होतं. फाइल मिळाली तेव्हा तबला मिळवणं कापलेलं आणि शेवटचं बोलणंही कापलेलं. विचारलं तर उत्तर आलं, ‘ते गाणं नाही, लोकांना कंटाळा येतो.’ खरखर काढण्याच्या नादात तंबोऱ्याचा खर्ज गेला आणि डग्ग्याची घुमकही गेली. ज्या गावात सतारमेकर गल्ली आहे, तिथल्या बैठकीत तंबोराच ऐकू येत नाही! चिठ्ठी परत आली नाही. स्पूल आलं, पण लावलं की टेपचा तपकिरी थर हेडवर निघतो, म्हणून ते पुन्हा वाजवायचा धीर होत नाही. आणि तीच कापलेली फाइल या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरत आपल्या पुरवणीत पोचली.

गौहरजान यांनी 1902 साली कलकत्त्यात आपल्या पहिल्या तबकड्या भरल्या, तेव्हा गाणं संपताच त्या स्वतःचं नाव सांगत. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार होत. गाणं कुणाचं हे तिथल्या माणसाला कळावं, म्हणून ही सोय. म्हणजे नाव सांगण्याची रीत आपल्याकडच्या ध्वनिमुद्रणाइतकीच जुनी आहे. साथीदारांच्या वाट्याला मात्र ती फारशी आली नाही. 1977 साली व्हॉयेजर यानाबरोबर केसरबाईंची ‘जात कहां हो’ अंतराळात गेली. नासाच्या यादीत केसरबाईंचं नाव आहे, साथ करणाऱ्यांचं नाही. वसंतराव आचरेकरांचा तबला आणि गोविंदराव पटवर्धनांची पेटी वगळून कुमार गंधर्वांच्या मैफली आठवून पाहा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. आकाशवाणीवर संगीतसभा संपली की निवेदक साथीदारांची नावं न चुकता सांगत. तेवढंच करायला आपल्याला कितीशी जागा लागली असती?

कापाकापी आपल्याकडेही झालीच आहे. मारव्याखाली छापलेला क्यूआर कोड उघडला तर जेमतेम तीन मिनिटं वाजतं. ‘पिया मोरे अनत देस’ ही त्यातली बंदिश झुमरा तालात किती सावकाश उलगडते! कोमल रिषभ आणि शुद्ध धैवतावर खाँसाहेब ज्या निगुतीनं थांबतात आणि षड्जासाठी, म्हणजे ‘सा’साठी, ऐकणाऱ्याला ज्या ओढीनं वाट पाहायला लावतात, तोच त्या मारव्याचा जीव आहे. तीन मिनिटांत ऐकणारा षड्जासाठी आसुसणार कधी? एलपीची (मोठ्या तबकडीची) अख्खी बाजू ऐकवायची नसेल तर ते ध्वनिमुद्रण यादीत घेऊच नये.

माझी मागणी एवढीच आहे. काकांचं पूर्ण नाव आणि बैठकीचा तपशील सोबतच्या कागदावर वेगळा लिहून पाठवला आहे. तो वाचकांच्या पत्रांत नको, येत्या रविवारी त्याच पुरवणीत, त्याच पानावर दुरुस्ती म्हणून छापावा. बुवांच्या मागे पेटीवर होते त्यांचंही नाव त्यात आहे. आपल्या लेखात त्यांचा उल्लेखसुद्धा नाही.

आणि लिहितोच आहे तर आणखी एक. आकाशवाणीवरच्या शास्त्रीय संगीताच्या वेळा आपण पूर्वी रोज छापत होता. त्या बंद का केल्या? माझ्यासारखे पुष्कळ लोक अजून रेडिओ लावतात आणि कोण गाणार आहे हे बघून संध्याकाळची कामं ठरवतात. त्या चार ओळी परत सुरू कराव्यात.

आपला नियमित वाचक,
मिरज