सूचना : ‘अंतराळवीरांच्या कॅमेऱ्यातून’ भिंतीसाठी फोटो

नमस्कार मंडळी,

दिवाळी प्रदर्शनातल्या या भिंतीसाठी फोटो शुक्रवारी रात्रीपर्यंत पाठवायचे आहेत, आठवण असू द्या.

‘दिवाळीच्या रात्री अवकाशातून दिसणारा भारत’ हे रंगीबेरंगी चित्र मात्र कृपया नको. तिघांकडून आलंय. ते कुणा अंतराळवीराने काढलेलं नाही, दिवाळीचंही नाही. अमेरिकी हवामान उपग्रहांच्या बऱ्याच वर्षांच्या नोंदी एकावर एक ठेवून ते तयार केलंय. १९९२, १९९८ आणि २००३ मध्ये वाढत गेलेले दिवे त्यात वेगवेगळ्या रंगांत दाखवलेत.

नासाच्या फोटोला क्रमांक असतो, तो सोबत हवाच. २४ डिसेंबर १९६८ ला चंद्राभोवती फिरणाऱ्या अपोलो ८ यानातून अंतराळवीर बिल अँडर्स यांनी चंद्राच्या क्षितिजावर उगवणारी पृथ्वी टिपली, त्या फोटोचा क्रमांक एएस०८-१४-२३८३. हातात हॅसलब्लाड कॅमेरा, २५० मिमीची लेन्स. पहिली फ्रेम कृष्णधवल निघाली, मग ‘रंगीत फिल्म दे लवकर’ म्हणून त्यांनी सहकारी अंतराळवीर जिम लव्हेल यांच्यामागे घाई केली. ती धांदल माहीत असली की तो फोटो वेगळाच दिसतो!

राकेश शर्मा यांनी १९८४ मध्ये सॅल्यूत ७ या सोव्हिएत अंतराळस्थानकावरून भारताचे फोटो काढले होते. त्यातला एखादा कुणाकडे असेल तर आवर्जून कळवा.

प्रिंट १२ बाय १८ इंची.