काका, गाडी आता उलटत नाही

प्रिय काका,

समोर आभार मानायला गेलं की तुम्ही "ह्या, त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता नाहीतर सरळ पाना शोधायला लागता, म्हणून म्हटलं लिहूनच टाकावं, आणि सगळ्यांना दिसेल असं लिहावं, म्हणजे आमच्यासारखं आरसी ट्रक, म्हणजे रिमोटवर चालणारी छोटी गाडी, घेऊन डोकं धरून बसलेलं आणखी कोणी असेल तर त्यालाही उपयोग होईल.

मागच्या नोव्हेंबरमधला तो रविवार तुम्हाला आठवतो का माहीत नाही, मला मिनिटामिनिटाने आठवतो. मोशीच्या पुढचं ते प्लॉटिंगचं मोकळं रान, कोणीतरी मुरमाचे ढीग पसरून तीन उड्या आणि पाच-सहा वळणं केलेली, आणि मी आणि माझी मुलगी आमची स्लॅश घेऊन. गाडी साधीच, ट्रॅक्सास कंपनीची टू व्हील ड्राइव्ह स्लॅश, खऱ्या ट्रकच्या एक दशांश आकाराची, सेकंडहँड घेतलेली. मुलगी नववीत, गाडी तीच चालवते, मी बॅटऱ्या आणि पाणी सांभाळतो. आणि त्या दिवशी खरं सांगायचं तर मी मनात ठरवलं होतं की हा शेवटचा रविवार, गाडी विकून टाकायची, कारण चार महिन्यांत पुढचे आर्म, म्हणजे चाकं धरणारे दांडे, दोनदा तुटले होते, दर वळणावर गाडी आडवी पडायची आणि पोरगी न बोलता जाऊन सरळ करून यायची, परत पडायची, परत जायची. तिचा चेहरा बघवत नव्हता.

त्यात मी शहाणपणा केलेला. एका दुकानात सांगितलं होतं की ऑफरोड गाडी म्हणजे उंच पाहिजे आणि कडक पाहिजे. मला ते पटलं, म्हणजे जीप उंचच असते ना. मग कडक स्प्रिंगा घातल्या, शॉकमध्ये, म्हणजे धक्के झेलणाऱ्या तेलाच्या नळ्यांमध्ये, ६० वेटचं (वेट म्हणजे तेलाच्या जाडीचा आकडा) जाड तेल भरलं, स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवणाऱ्या प्रीलोडच्या सगळ्या क्लिपा लावून गाडी होईल तेवढी वर उचलली. खर्च झाला तो झालाच पण गाडी आधीपेक्षा वाईट पळायला लागली आणि मला वाटलं अजून कडक करायला पाहिजे.

तुम्ही आलात, हात मागे बांधून उभे राहिलात आणि दोन बॅटऱ्या संपेपर्यंत नुसतं बघितलंत. एक शब्द नाही. मला थोडा रागच आला होता, वाटलं हे आता लेक्चर देणार. आणि तुम्ही विचारलंत काय तर, "उलटते त्याच्या आधी काय होतं?" मला सांगता आलं नाही. चार महिने मी गाडी उलटलेली बघत होतो, उलटताना कधी बघितलीच नव्हती. मुलगी म्हणाली, "आधी आतलं पुढचं चाक उचलतं, मग बाहेरचं चाक चाकोरीत अडकतं." तुम्ही तिच्याकडे बघून म्हणालात, "बाळा, अर्धं काम तू केलंस." काका, त्या एका वाक्यासाठी हे पत्र लिहिलं असतं तरी चाललं असतं.

मग बॉडी काढायला लावलीत आणि गाडी चारही चाकं खाली ठेवून सपाट धरून वीतभर उंचीवरून सपाट जागेवर सोडायला सांगितलीत. चेंडूसारखी उडाली. तुम्ही सांगितलंत की नीट बसलेली गाडी अशी सोडली की एकदा खाली दबते, सावकाश वर येते आणि थांबते, उडत नाही आणि बद्दकन पोटावरही बसत नाही. ही परीक्षा फुकट आहे, कुठेही करता येते, आणि मला चार महिन्यांत कोणी सांगितली नव्हती.

सगळ्यात मोठी गाठ सुटली ती प्रीलोडची. मला वाटायचं क्लिपा लावल्या की स्प्रिंग कडक होते. तुम्ही एक शॉक माझ्या हातात देऊन दाबायला लावलात आणि सांगितलंत की स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीत आणि वेढ्यांमध्ये असतो, क्लिपेने फक्त गाडी वर उचलली जाते. आणि गाडी इतकी वर उचलली की आर्म आधीच खाली लोंबलेले, मग खड्डा आला की चाकाला खाली जायला जागाच नाही, चाक हवेत, आणि हवेतलं चाक ना वळवतं ना ढकलतं. मला तोपर्यंत सस्पेन्शन म्हणजे वर दबणं एवढंच माहीत होतं. ते खाली सुटणं हे निम्मं काम आहे हे त्या दिवशी कळलं, आणि ऑफरोडमध्ये तर मला आता ते जास्तच महत्त्वाचं वाटतं.

क्लिपा काढत काढत, मुलीच्या सहा इंची पट्टीने मोजत, पोटाखालची उंची ४२ मिलीमीटरवरून ३० वर आणली, आर्म जवळपास सपाट झाले. प्रत्येक वेळी गाडी हाताने दाबून सोडायची, मगच मोजायचं. त्याच स्प्रिंगा, तेच तेल, आणि गाडी दहा वळणांत दोनदाच पडली. मी आनंदाने लगेच तेल पण बदलू म्हटलं तर तुम्ही थांबवलंत. "एका वेळी एकच. दोन गोष्टी बदलल्यास तर कुठल्या गोष्टीने फरक पडला ते देवालाही कळणार नाही." मुलीने ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. त्या वहीत आता ४७ पानं भरलीत काका. तारीख, जमीन ओली की कोरडी, किती वाजता, काय बदललं, गाडी काय म्हणाली.

पुढच्या रविवारी शॉक उघडायला लावलेत, आणि मागचा डावा अर्धा रिकामा निघाला. बाकीच्या तिन्हींत हवेचे बुडबुडे. म्हणजे मी ६० वेट आणि कडक स्प्रिंगांवर वाद घालत होतो आणि एका शॉकमध्ये तेलच नव्हतं! तुम्ही हसला नाहीत. भोसरीच्या टूलरूममध्ये तीस वर्षं काढलेला माणूस माझं ते काम बघून काय काय बोलू शकला असता, पण तुम्ही फक्त फडकं पुढे केलंत आणि खाली बसलात.

आणि इथे एक गोष्ट सांगायचीच आहे. तुम्ही पान्याला हात लावला नाहीत. तुम्हाला ते चार शॉक भरायला वीस मिनिटं लागली असती, आम्हाला अडीच तास लागले, तुम्ही उन्हात स्टुलावर बसून राहिलात. शॉकची दांडी, म्हणजे शाफ्ट, पूर्ण बाहेर ओढून तेल भरायचं, पिस्टन हळूहळू वर-खाली करायचा, घाई केली तर तेलात हवाच मिसळते, मग शॉक उभा ठेवून शांत बसायचं, बुडबुडे वर येतात, तेवढ्यात चहा प्यायचा, मग काठोकाठ तेल करून टोपण बसवायचं आणि जास्तीचं तेल पुसायचं. झालं की डावा आणि उजवा शेजारी धरून एकदम दाबायचे, दोन्ही सारखेच दबले आणि सारखेच परत आले पाहिजेत. माझी पहिली जोडी सारखी नव्हती, तुम्ही म्हणालात परत कर. तिसऱ्या वेळी झाली. ती जमली तेव्हाचा आनंद मला पहिली बाइक घेतली तेव्हा झाला होता तसा होता, खरंच.

तेलाचं पण नीट समजावलंत. कंपनीचं मूळ ३० वेट होतं, तिथे परत या म्हणालात, स्प्रिंगाही मूळच्या, आणि मग गरज पडेल तसं चढा. वेटचा आकडा प्रत्येक कंपनीचा थोडा वेगळा असतो म्हणून बाटलीवरचा सीएसटीचा, म्हणजे तेलाचा घट्टपणा मोजायच्या एककाचा, आकडा बघायचा, ३० वेट म्हणजे साधारण ३५० सीएसटी, ४० म्हणजे साधारण ५००, हे मुलीने तक्ता करून लिहिलंय. ३० वर गाडी खड्ड्यांवरून अशी काही चालली की मला ओळखू येईना, पण मोठ्या उडीवरून उतरताना नाक आपटायला लागलं. मग फक्त पुढे ४० भरलं, मागे ३० तसंच ठेवलं. नाक आपटायचं थांबलं. आणि जाड तेल आहे तर पिस्टनची भोकं पण बघ हे तुमचं, कारण बारीक भोकातून तेल सावकाश जाताना ठीक असतं पण उडीवरून आपटल्यावर एकदम जायला बघतं तेव्हा अडतं आणि शॉक दांडक्यासारखा होतो. ६० वेटने आमचे आर्म का तुटत होते त्याचं उत्तर ते होतं. आर्मचा दोष नव्हताच.

शॉकचं वरचं टोक अडकवायच्या टॉवरवरच्या भोकांचं मात्र मला समजायला वेळ लागला. शॉकचं वरचं टोक आत झुकवलं की सुरुवातीला मऊ, आणि दबत जाईल तसा कडक होत जातो, उभा ठेवला तर पहिल्यापासून कडक. तुम्ही दोनदा सांगितलंत, मला नाही कळलं, मग तुम्ही मातीत काडीने काढून दाखवलंत. आता मागचा एक भोक आत घेतलाय आणि वळणातून बाहेर पडताना थ्रॉटल दिलं की मागचं आधीसारखं भिरभिरत नाही. कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरून आत-बाहेर झुकाव, तर आम्ही कंपासपेटीतल्या गुण्याने लावला, पुढे एक डिग्री आत, मागे दीड. गुण्याने दीड डिग्री अंदाजेच येते हे मान्य, पण डावं-उजवं सारखं येतं.

बॉडीला मागे भोकं पाडायला लावलीत तेव्हा जीव वर-खाली झाला होता, नवी बॉडी होती. पण या शॉर्ट कोर्स ट्रकची, म्हणजे मातीच्या छोट्या ट्रॅकवर पळणाऱ्या ट्रकच्या नकलेची, बॉडी रुंद आणि मागे पोकळ, उडी मारली की खालून हवा भरते आणि पॅराशूट होतं, नाक वर जातं. मी आठवडाभर सस्पेन्शनमध्ये शोधत होतो तो दोष तिथे होता. आणि हवेत नाक वर गेलं तर ब्रेक, खाली गेलं तर थ्रॉटल, हे मुलीला तुम्ही शिकवलंत आणि ती आता ते विचार न करता करते.

चहाच्या वेळी तुम्ही खऱ्या ट्रकांच्या गोष्टी सांगता ते मला फार आवडतं. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधलं क्रँडन, १९७० पासूनची शर्यत, १९७९ ला मिकी थॉम्पसन या रेसरने लॉस एंजेलिसच्या कॉलिझियममध्ये, म्हणजे चक्क स्टेडियममध्ये, माती टाकून घेतलेली रेस, आणि मग २००८ ला आलेली ही स्लॅश, त्याच ट्रकांची लहान नक्कल. मुलगी आता ते व्हिडिओ बघताना ड्रायव्हर कोण ते बघत नाही, चाकं कशी खाली सुटतात ते बघते.

एप्रिलमध्ये तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तुम्ही यायचे थांबलात. मे महिन्यात ऊन चाळीसच्या पुढे गेलं, गाडी सकाळी सातला छान आणि अकराला परत डुलायला लागली. मी घाबरलो पण मुलीने वही उघडली, डिसेंबरच्या पानावर तुमचं वाक्य होतं की तेल तापलं की पातळ होतं. पुढे ४५ केलं, मागे ३५. तुम्हाला फोन न करता केलेला हा पहिला बदल, आणि तो बरोबर निघाला. त्या दिवशी घरी येताना ती म्हणाली, काकांना सांगायला पाहिजे. म्हणून सांगतोय.

काका, मनापासून, अगदी मनापासून आभार. तुम्ही आम्हाला गाडी नीट करून दिली असतीत तर आम्ही दोन रविवार खूश झालो असतो. तुम्ही आम्हाला बापलेकीला अडीच तास एका फडक्यावर बसवलंत, आणि ती एरवी माझ्याशी शाळेचं सुद्धा धड बोलत नव्हती, ती आता गुरुवारपासून मला विचारते की या वेळी काय बदलायचं.

पावसाने तुमची मधली उडी वाहून गेली होती, आम्ही ती परत रचली आहे, तुम्ही सांगितलेल्या उतारानेच, वर मुरूम दाबून पाणी मारून. जवळच्या लिंबाखाली खुर्ची ठेवतो, गाडी अगदी तिथपर्यंत येईल, तुम्हाला चालावं लागणार नाही. मागचे दोन्ही शॉक कालच नवीन भरलेत, ओ-रिंगाही (तेल अडवणाऱ्या रबरी कड्या) बदलल्या. माझ्या मते डावं-उजवं सारखं झालंय, पण तुम्ही आलात की एकदा दाबून बघा.

तुमचा,
लाल टोपीवाला स्लॅशचा बाप
आणि ड्रायव्हर