विषय: ड्रोनचा एफसी (फ्लाइट कंट्रोलर) जळालाय तुमच्या केबलने, माझ्या सोल्डरिंगने नाही

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

नमस्कार,

हा माझा चौथा मेल. आधीच्या तिन्ही मेलला उत्तर आलं, नाही असं नाही, पण पहिल्यात म्हणालात फर्मवेअर (बोर्डातलं सॉफ्टवेअर) परत फ्लॅश करा, म्हणजे नव्याने टाका, दुसऱ्यात विचारलंत प्रॉप, म्हणजे पंखे, उलटे लावलेत का आणि फ्लाइटचा व्हिडिओ पाठवा, आणि तिसऱ्यात डायरेक्ट 'ग्राहकाच्या चुकीच्या सोल्डरिंगमुळे बोर्ड खराब, वॉरंटी लागू नाही'. अहो जे जमिनीवरून उठलंच नाही त्याचा फ्लाइट व्हिडिओ कुठून आणू? म्हणून आता सगळं पहिल्यापासून लिहितो, लांब होईल, पण कृपया एखाद्या माणसाने बसून वाचावं.

तुमच्याकडून मी ५ इंची ड्रोनसाठी स्टॅक, म्हणजे एकावर एक बसणारे दोन बोर्ड, घेतला, वर ड्रोनचा मेंदू म्हणजे एफ४०५ फ्लाइट कंट्रोलर आणि खाली चारही मोटर चालवणारा ४५ अँपचा फोर-इन-वन ईएससी, ७,४५० रुपये. पेजवर ठळक लिहिलेलं, 'मॅच्ड स्टॅक, प्लग अँड प्ले, सोल्डरिंगची कटकट नाही'. फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोन बाहेरून आणायला बंदी आहे, सुटे पार्ट चालतात, त्यामुळे आमच्यासारख्यांना घरीच जोडत बसावं लागतं, आणि पार्ट तुमच्यासारख्यांकडूनच घ्यावे लागतात. तसं मला जोडायला आवडतंच. मुलगी अकरावीला आहे, तिच्या डोक्यातलं हे खूळ, मी आपला तिच्या नादाने शिकलो. मुंबईत उडवायची सोय नाहीच, कर्जतला मेव्हण्याच्या शेतावर न्यायचं ठरलेलं.

आता सोल्डरिंगबद्दल. मी १९ वर्षं लिफ्टच्या कंट्रोल पॅनलचं काम करतो. रात्री दोन वाजता टॉवरमध्ये लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की मला फोन येतो. सोल्डर मला येतं. पण तेही सोडा, मुद्दा तो नाहीच, मुद्दा हा आहे की तुमच्या फ्लाइट कंट्रोलरवर मी सोल्डरच केलेलं नाही. एक थेंब नाही. रिसीव्हर, कॅमेरा, व्हीटीएक्स (व्हिडिओ ट्रान्समीटर) काहीच अजून लावलं नव्हतं. सोल्डर केलंय ते फक्त खालच्या ईएससीवर, बॅटरीचा एक्सटी६० प्लग, १००० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर आणि चार मोटरच्या बारा वायर. फ्लाइट कंट्रोलरला लागते ती तुमच्या पाकिटातून आलेली आठ पिनांची केबल, ती नुसती खुपसायची. फोटोत फ्लाइट कंट्रोलरचे सगळे पॅड (सोल्डर करायच्या जागा) कोरे दिसतायत, झूम करून बघा हो.

काय काय केलं ते क्रमाने सांगतो. आधी फ्लाइट कंट्रोलर एकटा यूएसबीला लावला. बीटाफ्लाइट हे त्याचं सेटिंगचं सॉफ्टवेअर उघडलं, बोर्ड हातात वाकडा केला की स्क्रीनवरचं मॉडेल वाकडं होत होतं, म्हणजे चिप चालू, जायरो (कल ओळखणारा सेन्सर) चालू. मुलीने त्याचा व्हिडिओ काढलाय, पहिल्याच मेलला जोडलाय, कोणी उघडून बघितलेला दिसत नाही. मग फ्लाइट कंट्रोलर बाजूला ठेवून नुसत्या ईएससीला बॅटरी दिली, तीही डायरेक्ट नाही, मध्ये गाडीचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब सिरीजला टाकून. तुम्ही लोक त्याला स्मोक स्टॉपर म्हणून विकता, आमच्या लाइनमध्ये सिरीज लॅम्प म्हणतात आणि तो शाळा सोडलेला पोरगाही बनवतो. कॅपॅसिटर भरताना बल्ब एकदा लुकलुकला आणि विझला, चारही मोटर टुं-टुं-टुं वाजल्या. माझं सोल्डरिंग खराब असतं, कुठे शॉर्ट असता, तर बल्ब तिथेच भक्कन पेटला असता. बरोबर ना?

यानंतर तुमची केबल लावली आणि परत बॅटरी दिली. चार सेलची, फुल चार्ज म्हणजे १६.८ व्होल्ट. या वेळी बल्ब विझलाच नाही, अंधुक लालसर तसाच राहिला, भडक नाही, त्यामुळे शॉर्ट आहे का नाही हे कळायलाच मला दोनतीन सेकंद लागली, तेवढ्यात तो वास आला. ज्याने हा वास एकदा घेतलाय त्याला परत सांगावं लागत नाही. बॅटरी खेचली, फ्लाइट कंट्रोलरच्या मधल्या मोठ्या चिपवर बोट टेकवलं तर चटका. आता यूएसबी लावली की कॉम्प्युटर ओळखत नाही, बूट बटण दाबूनही नाही, चिप मात्र अर्ध्या मिनिटात तापते. ३.३ व्होल्टच्या पॅडपासून ग्राउंडपर्यंत २ ओहम येतायत. म्हणजे चिप आतून गेली. तुम्ही त्यात फर्मवेअर फ्लॅश करायला सांगताय.

मग बसलो केबल शोधत. आठही वायर काळ्या (रंग द्यायला किती पैसे लागतात हो?). कनेक्टरच्या दोन पिनांमधलं अंतर १ मिमी, मल्टिमीटरची प्रोब त्यात जात नाही, म्हणून बायकोच्या शिवणाच्या डब्यातली सुई प्रोबला चिकटपट्टीने बांधली आणि एकेक पिन बीपवर तपासली. ईएससीच्या टोकाला पहिली पिन व्हीबॅट (बॅटरीचा प्लस), दुसरी ग्राउंड, तिसरी करंट सेन्सर. फ्लाइट कंट्रोलरच्या टोकाला पहिली करंट सेन्सर, दुसरी ग्राउंड, तिसरी व्हीबॅट. उरलेल्या पाच पिना जुळतात. केबल सरळ, पहिलीला पहिली. म्हणजे बॅटरीचे १६.८ व्होल्ट थेट चिपच्या त्या पायावर गेले जिथे ३.३ च्या वर काही जायलाच नको. ग्राउंड जुळतंय म्हणून सर्किट छान पूर्ण झालं, आणि चिप गेली.

नंतर लक्षात आलं, तुमच्या डब्यातला कागद व्ही-वनचा आहे आणि ईएससीवर बारीक अक्षरात व्ही-टू छापलंय. नवीन बॅचमध्ये पिना बदलल्या, केबल आणि कागद जुन्याच बॅचचे टाकले, एवढीच गोष्ट. पिनांचा क्रम प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, कुठलं ठरलेलं स्टँडर्ड नाही हे मला माहीत आहे, वेगवेगळ्या कंपन्यांचे बोर्ड जोडले असते तर मी स्वतःच तपासलं असतं. इथे दोन्ही एकाच डब्यातून आले होते.

माझी चूक आहे का, तर आहे थोडी. लिफ्टच्या पॅनलवर मी कोणाच्या बापाच्या ड्रॉइंगवर विश्वास ठेवत नाही, वायर स्वतः ओळखल्याशिवाय पॉवर देत नाही, हाताखालच्या पोरांना त्यावरून शिव्या घातल्यात. इथे 'मॅच्ड' वाचलं आणि सोडून दिलं. मुलगी म्हणाली पण होती, पप्पा एकदा बीप करून बघूया का. पण 'प्लग अँड प्ले' लिहून विकल्यावर तुम्ही ही चूक माझ्या गळ्यात मारू शकत नाही.

शनिवारी हाफ डे टाकून लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गेलो. तिथे मायक्रोस्कोप घेऊन बसणाऱ्या कारागिराने बोर्ड बघितला, म्हणाला चिप बदलून मिळेल पण त्यापेक्षा नवीन बोर्ड परवडेल. केबल दाखवली तर हसला.

केबलचं म्हणाल तर सुईने प्लास्टिकचं लॉक उचलून पहिली आणि तिसरी वायर मी अदलाबदल केली, चार मिनिटं लागली. तुमच्या पॅकिंगमध्ये कोणी ही चार मिनिटं दिली असती तर हा मेल लिहावा लागला नसता.

मला पूर्ण पैसे परत नकोत, ईएससी चांगला चाललाय. नवीन फ्लाइट कंट्रोलर आणि जुळणारी केबल पाठवा, जळका बोर्ड न्यायला कुरियर तुमच्या खर्चाने पाठवा, आणि पेजवरचं ते पिनांचं चित्र आजच्या आज बदला, कारण माझ्यासारखा दुसरा कोणीतरी आज रात्री घरी ही केबल लावत असेल आणि त्याच्याकडे सिरीज लॅम्पही नसेल.

ऑनलाइन विक्रीचे २०२० चे नियम आहेत, त्यानुसार तुमच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निकाल लावायचा असतो. तुमच्या पेजवर या अधिकाऱ्याचं नावच मला सापडलं नाही, तेही कळवा. नाहीतर ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ ला फोन करायला मला पाच मिनिटं लागतात. धमकी नाही ही, पण तीन मेल झाल्यावर माणूस काय करणार.

यूएसबीचा व्हिडिओ, बल्बचा व्हिडिओ, दोन्ही टोकांचे पिनांचे फोटो आणि तुमचा व्ही-वनचा कागद, सगळं परत जोडलंय.

तुमचा ग्राहक,
भांडुप, मुंबई

ता.क. प्रॉपबद्दल विचारलं होतंत. ते अजून पाकिटातच आहेत.