गरम खिचडी तिसऱ्या वर्षी, खुजेपणा दुसऱ्याच्या आत

संपादक महोदय,

सप्टेंबरात पोषण माह आला की वस्त्यावस्त्यांत वजनकाटे निघतात, पाककृतींच्या स्पर्धा होतात, फोटो अपलोड होतात. खुजेपणा, म्हणजे वयाच्या मानाने खुंटलेली उंची, या गडबडीत मागेच राहतो. आजारपणात उतरलेले वजन पुन्हा भरते, उंचीचे तसे नाही. मूल पहिल्या वर्षी साधारण 25 सेंटिमीटर वाढते, दुसऱ्या वर्षी 12. तेव्हा राहिलेली तूट नंतर फारशी भरून निघत नाही. अंगणवाडीत गरम ताजा आहार मात्र तीन वर्षांपुढच्या मुलांना. त्याआधी घरपोच पाकीट. त्यातून लहानग्याला रोज 500 कॅलरी आणि 12 ते 15 ग्रॅम प्रथिने मिळावीत असा नियम आहे, पण दहा बाय दहाच्या खोलीत ते पाकीट सगळ्या भावंडांत वाटले जाते.

हे बदलता येते. 2005 मध्ये राजमाता जिजाऊ मिशन सुरू झाले, रिक्त पदे भरली गेली आणि पुढे सगळा रोख गर्भारपणापासून दोन वर्षांपर्यंतच्या काळावर आला. दोन वर्षांखालच्या मुलांतला खुजेपणा 2005-06 मध्ये 39 टक्के होता, 2012 च्या राज्य सर्वेक्षणात 23.3 टक्के निघाला. पाच वर्षांखालच्या मुलांचा आकडा वेगळा. महाराष्ट्रात तो राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत 34.4 टक्के होता, पाचवीत 35.2 झाला. म्हणजे घसरण थांबली. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाने 2008 ते 2016 दरम्यान खुजेपणा 28 वरून 13 टक्क्यांवर आणला. तिथे प्रांतांना पैसा मिळे तो लसीकरण आणि वयानुसार वाढ-तपासणी किती मुलांची झाली ते पाहून.

सहा महिने पूर्ण झाले की वरचा आहार सुरू व्हावा. इथे घात करते ते वरणाचे पाणी. पाण्याने पोट भरते, डाळ भांड्याच्या तळाशी राहते. घास इतका घट्ट हवा की चमचा तिरका केला तरी ओघळू नये. नवव्या महिन्यापासून अर्धी वाटी (250 मिलीच्या वाटीने) दिवसातून तीन-चार वेळा, वर्षानंतर पाऊण ते पूर्ण वाटी. वर चमचाभर तेल किंवा तूप घातले की सुमारे 45 कॅलरी वाढतात. एका अंड्यातून 6 ग्रॅम प्रथिने. मुलाची वाटी वेगळी ठेवली तरच त्याने किती खाल्ले ते कळते. आई कामावर गेली की हाती येणारी पाच रुपयांची वेफर्सची पुडी भूक मारते, उंची वाढवत नाही.

आता मोजमाप. दोन वर्षांखालचे मूल आडवे, त्यापुढचे उभे. अदलाबदल झाली की 0.7 सेंटिमीटरचा फरक. आडवे मोजायला दोघी लागतात: एकीने डोके वरच्या फळीला टेकवून धरायचे, दुसरीने गुडघे दाबून तळव्यांना फळी लावायची. मदतनिसाची जागा रिकामी असली की सेविका एकटीच मोजते, गुडघे वाकतात, मूल विनाकारण खुजे ठरते. त्याहून मोठी चूक वयाची. वर्षाच्या मुलाचे वय महिन्याने चुकले तर सुमारे 1.2 सेंटिमीटरने हिशेब बिघडतो आणि श्रेणीच बदलू शकते. तारीख जन्मदाखला किंवा लसीकरण कार्ड पाहूनच भरावी.

शौचालये, पाण्यातले क्लोरीन यांनीच उंची वाढेल ही आशाही सोडावी. बांगलादेश, केनिया आणि झिम्बाब्वेतील मोठ्या चाचण्यांत नुसत्या अशा उपायांनी उंचीत फरक पडला नाही. आहाराचा पडला, तोही थोडाच. शौचालये हवीतच, पण अतिसार आणि आब्रूसाठी.

मुंबईचे दुखणे आणखी एक: बाळंतपणाला गावी गेलेली बाई तीन-चार महिन्यांनी परतते तेव्हा तिचे नाव इथल्या यादीतून गेलेले असते. आरोग्य स्वयंसेविकेने ते परतल्या आठवड्यातच चढवावे आणि पोषण माहाच्या अहवालात दोन वर्षांखालच्या मुलांच्या उंचीचा रकाना वजनाच्या आधी असावा.

— बालपोषणाच्या कामातील काही कार्यकर्ते, गोवंडी, मुंबई