विनायकास पत्र : जिम्नीची उंची वाढवण्याविषयी

कऱ्हाड,
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबतची, तुझ्या मारुती जिम्नी जीपची उंची वाढवण्याच्या कामाची तिन्ही कोटेशने मिळाली. उत्तराला आठ दिवस लागले, कारण फोनवर दोन वाक्यांत सांगून मोकळे व्हावे असा हा विषय नाही, आणि त्याच गाडीतून तू वहिनींना व मुलांना घेऊन अणुस्कुऱ्याचा घाट चढणार-उतरणार आहेस. तेव्हा पत्र लांबले तरी सावकाश वाच.

तुझ्या पत्रातली एक ओळ मी तीनदा वाचली. बागेकडे चढताना जांभ्याच्या पायरीवर गाडीचे पोट घासते आणि व्हाळ (ओढा) ओलांडताना मागे खालून दगड आपटतो, असे तू लिहिले आहेस. गॅरेजवाल्याने या दोन्हींवर एकच औषध लिहून दिले आहे, पण ही दुखणी वेगवेगळी आहेत. पोट घासते ते पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या अंतरामुळे. पाच दारांच्या जिम्नीत हे अंतर २५९० मिमी आहे, तीन दारांच्या जिम्नीत ते २२५० होते. चाके पायरीच्या दोन बाजूंना गेली की मधली चासी (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा) पायरीच्या कडेवर टेकते. पोट न टेकता ओलांडता येईल असा तुझ्या गाडीचा हा मधला कोन कंपनीच्या आकड्याप्रमाणे २४ अंश आहे आणि चासी ४० मिमीने वर उचलली तर त्यात, मी कागदावर मांडून पाहिल्याप्रमाणे, सुमारे तीन अंशांची भर पडते. तुझ्या पायरीसाठी तेवढे पुरावे असे मला वाटते.

व्हाळातला दगड मात्र डिफरन्शियलला, म्हणजे इंजिनाची ताकद दोन चाकांत वाटणाऱ्या गिअरच्या डब्याला, लागतो. जिम्नीला पुढे आणि मागे दोन्हीकडे अखंड ॲक्सल (डावे-उजवे चाक जोडणारे आडवे कणे) आहेत, डिफरन्शियलचा गोल डबा त्या ॲक्सलमध्येच बसवलेला आहे आणि स्प्रिंगा ॲक्सलच्या वर आहेत. म्हणजे स्प्रिंगा दोन इंचांनी वाढव की पाच इंचांनी, वर जाईल ती चासी. तो डबा जमिनीपासून आज जेवढा उंच आहे तेवढाच राहील. त्याला वर नेणारी वस्तू एकच, मोठ्या व्यासाचा टायर, आणि त्याचाही फायदा निम्माच मिळतो, कारण ॲक्सल चाकाच्या मध्यावर असतो. तुझा आजचा १९५/८० आर १५ टायर साधारण ६९३ मिमी व्यासाचा आहे. २१५/७५ घातलास तर व्यास सुमारे ७०३ होतो आणि डिफरन्शियल अवघे पाच मिमी वर येते. तिसऱ्या कोटेशनातल्या २३५/७५ ने ते वीस मिमी वर येईल, पण चाकाचा घेर जवळजवळ सहा टक्क्यांनी वाढेल, स्पीडोमीटर साठ दाखवेल तेव्हा गाडी त्रेसष्टच्या पुढे असेल, आणि १४६२ सीसीच्या, १३४ न्यूटन मीटर ओढीच्या (टॉर्कच्या) इंजिनाला भरल्या गाडीने घाट चढताना प्रत्येक वळणावर एक गिअर खाली यावे लागेल. व्हाळासाठी माझे सांगणे जुनेच आहे : दगड दोन चाकांच्या मध्ये घेऊ नकोस, चाक दगडावर चढव. खाली उतरून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पुढचा रस्ता तपासण्यात पाच मिनिटे जातात. ती जाऊ देत.

आता तुझी तीन कोटेशने. पहिल्यात मूळच्या स्प्रिंगांवर दोन इंची स्पेसर (उंची वाढवणारे ठोकळे) आहेत आणि शॉकअप मूळचेच ठेवले आहेत. किंमत पाहून तुझे मन तिकडे झुकते आहे, हे तू न लिहिताही कळले. हे किट मुळीच घेऊ नकोस. चाक खाली किती लोंबू शकते ते शॉकअपच्या पूर्ण उघडलेल्या लांबीवर ठरते. स्पेसरने चासी पन्नास मिमी वर गेली आणि शॉकअप तेवढाच राहिला, तर ते पन्नास मिमी चाकाच्या खालच्या चालीतून वजा होतात. परिणामी आज सड्यावरच्या (कातळाच्या माळावरच्या) खड्ड्यात जे चाक जमिनीला धरून राहते ते उद्या हवेत लटकेल. जिम्नीत मोकळ्या फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून दुसऱ्या चाकाकडे ताकद वळवण्याची सोय आहे, ती चांगलीही आहे, पण टेकलेले चाक केव्हाही अधिक चांगले. शिवाय प्रत्येक उसळीला शॉकअप शेवटपर्यंत ताणला जाऊन आतून ठोके देऊ लागतो आणि मग त्याचे सील लवकर जाते.

तिसरे कोटेशन तीन इंचांचे आहे. त्याविषयी लिहिण्याआधी माझ्या जिप्सीची हकिगत पुन्हा सांगतो, कारण तुला ती अर्धीच ठाऊक आहे. जिप्सीला चारही चाकांवर पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) होते. एका गॅरेजमध्ये मी त्यांचे शॅकल (पाट्याचे टोक चासीला जोडणारे झुलते दुवे) दोन इंचांनी लांब करून घेतले. शॅकल दोन इंच वाढले की गाडी साधारण एक इंच उचलली जाते, एवढे मला माहीत होते. जिप्सीच्या पुढच्या पाट्याचे शॅकल पुढच्या टोकाला असते, ते लांब झाले की पाट्याचे पुढचे टोक चासीपासून खाली जाते आणि त्याबरोबर सगळा ॲक्सल पुढे कलतो, हे मात्र मला कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. त्या कलण्याने कॅस्टर, म्हणजे चाक ज्या आसावर वळते त्याचा मागे असलेला कल, कमी होतो. सायकलचा पुढचा फोर्क मागे कललेला असतो म्हणून हात सैल सोडले तरी चाक सरळ राहते. मोटारीत तेच काम कॅस्टर करतो. कुंभार्ली घाट उतरताना एका डाव्या वळणानंतर स्टिअरिंग आपोआप परत फिरेना. मी ते हाताने उजवीकडे ओढले, ते जास्त ओढले गेले आणि समोर एसटी होती. चालकाने गाडी दरीकडच्या कठड्यापर्यंत नेली म्हणून आम्ही वाचलो. सुमन शेजारी होती, मागे धाकटी झोपलेली होती. गाडी डोंगराच्या कडेला लावून मी किती वेळ बसून होतो ते आठवत नाही. दुसऱ्याच दिवशी मूळचे शॅकल परत बसवले. पुढे दोन वर्षांनी पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये मोजून केलेल्या पाचरी घालून कॅस्टर जुळवला, तेव्हाच पुन्हा उंचीला हात लावला.

जिम्नीत पाटे नाहीत, स्प्रिंगा आहेत, पण दुखणे तेच आहे. पुढचा ॲक्सल दोन लांब आर्मांनी (दांड्यांनी) धरलेला असतो आणि हे आर्म मागे चासीला जोडलेले असतात. चासी वर गेली की आर्म खाली झुकतात, ॲक्सलचा माथा पुढे येतो आणि कॅस्टर घटतो. म्हणून किटमध्ये कॅस्टर दुरुस्त करणारे ऑफसेट बुश (सांध्यात बसणारे, भोक मध्यापासून सरकवलेले रबरी तुकडे) किंवा वेगळे आर्म आहेत का, हे पाहायचे. तुझ्या तिसऱ्या कोटेशनात तीन इंचांची लिफ्ट (उंचीवाढ) आहे आणि या बुशांचा उल्लेखही नाही. दुसरी गोष्ट आडव्या रॉडची, ज्याला पॅनहार्ड रॉड म्हणतात. त्याचे एक टोक चासीला आणि दुसरे ॲक्सलला असते, त्यामुळे उंची वाढली की तो ॲक्सलला काही मिलिमीटर एका बाजूला ओढतो. मागून पाहिले तर एका बाजूचा टायर मडगार्डच्या बाहेर आणि दुसऱ्या बाजूचा आत दिसतो. लांबी कमी-जास्त करता येणारा रॉड घातला की हे सुटते. तिसरी गोष्ट ब्रेकच्या रबरी नळीची. ही मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे : एका ओळखीच्याची गाडी गॅरेजच्या उचलयंत्रावर होती, कारागिराने मागच्या ॲक्सलची एक बाजू जॅकने वर दाबली, दुसरी बाजू खाली लोंबली आणि नळी तंबोऱ्याच्या तारेसारखी ताणली गेली. बोटाने छेडली तर दबेना. तसाच एखादा खड्डा रानात आला असता तर ब्रेकच गेला असता. नळी लांब घालणे किंवा तिचा ब्रॅकेट खाली घेणे, यांपैकी एक झालेच पाहिजे.

तीन इंचांच्या लिफ्टमध्ये यांच्या जोडीला प्रॉपेलर शाफ्टचे (ॲक्सलपर्यंत ताकद नेणाऱ्या फिरत्या दांड्याचे) कोन बिघडतात आणि थरथर सुरू होते. १६४५ मिमी रुंदीची आणि १७२० मिमी उंचीची गाडी आहे ही. तिचे सगळे वजन पाऊण हात वर नेल्यासारखे तुला घाटातल्या उलट्या वळणावर जाणवेल. हे किट तुझ्यासाठी नाही.

राहिले दुसरे : ४० मिमीच्या स्प्रिंगा आणि त्यांच्या मापाचे लांब शॉकअप. माझे मत याच्याच बाजूने आहे, पण त्यात एक मोठी चूक होऊ घातली आहे. यादीत तुला मागच्या स्प्रिंगा 'हेवी' लिहिल्या आहेत. ओल्ड मॅन एमू, आयर्नमॅन यांसारख्या ऑस्ट्रेलियन कंपन्या एकाच उंचीच्या स्प्रिंगा वेगवेगळ्या वजनांसाठी बनवतात, आणि ते वजन गाडीत कायम राहणारे धरायचे असते. तुझ्या गाडीत कायमचे काय आहे? ना लोखंडी बंपर, ना विंच (गाडी ओढून काढणारी दोराची चरखी), ना छतावर तंबू. एप्रिल-मेमध्ये हापूसच्या पेट्या येतात, त्याही महिनाभर. उरलेले अकरा महिने तू एकटा आणि एखादी फवारणीची टाकी. जड स्प्रिंग हलक्या गाडीखाली दबतच नाही. जांभ्याच्या खडबडीत वाटेवर मागची चाके उड्या मारतील, पकड जाईल आणि तुझ्या कमरेचे जे व्हायचे ते होईल. म्हणून हलक्या वजनाच्या स्प्रिंगा माग. आणि हेही लक्षात ठेव की जाड स्प्रिंग घातल्याने गाडीची वाहून नेण्याची मर्यादा वाढत नाही. रिकाम्या गाडीचे वजन सुमारे १२०० किलो आणि एकूण मर्यादा १५४५. चार मोठी माणसे बसली की पेट्यांसाठी फारसे काही उरत नाही.

कायद्याची बाजू तू विचारली नाहीस, तरी लिहितो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने ठरवलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ कडकच लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये परवानगीशिवाय बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. 'सगळेच करतात' हे गॅरेजवाल्याचे उत्तर तू ग्राह्य धरू नयेस. परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे आधी लेखी विचार, उत्तर लेखी घे. अपघातानंतर विमा कंपनीने न कळवलेल्या बदलावर बोट ठेवले तर दोष तिला देता येणार नाही. नकार आला, तर स्किड प्लेट (पोटाखालचा संरक्षक पत्रा) आणि मूळ मापाचे चांगले ऑल टेरेन (कच्च्या-पक्क्या दोन्ही रस्त्यांचे) टायर एवढ्यावर थांब आणि जांभ्याची ती पायरी दोन दिवस मजूर लावून उतरती करून घे. खरे सांगू का, परवानगी मिळाली तरी पायरीचे काम मी आधी करीन.

होकार आला आणि किट बसवायचेच ठरले, तर गॅरेज निवडताना एकच प्रश्न विचार : आर्मांचे बोल्ट शेवटचे कधी आवळता? गाडी उचलयंत्रावर असताना, चाके लोंबत असताना आवळतो, असे उत्तर आले तर नमस्कार करून बाहेर ये. रबरी बुश ज्या स्थितीत आवळला जातो त्या स्थितीत तो धरला जातो. गाडी खाली आली की तो कायम पिळलेला राहतो आणि काही महिन्यांत फाटतो. चाकांवर पूर्ण वजन आल्यावरच शेवटचे आवळणे झाले पाहिजे. अलाइनमेंटचा कागद बसवण्याआधीचा आणि नंतरचा, दोन्ही माग, आणि त्यांत कॅस्टरचा आकडा छापलेला असू दे. हेडलाइटही खाली करून घे, नाहीतर समोरच्याचे डोळे दिपतील. पाचशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासायला विसरू नकोस.

आता तुझ्याकडे एक काम. गाडी सपाट जागेवर उभी कर आणि चारही चाकांच्या मधोमध असलेल्या बिंदूपासून वर मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर टेपने मोज. एकदा रिकाम्या गाडीत, एकदा घरची सगळी माणसे आणि पेट्या भरून. आठही आकडे आणि जांभ्याच्या पायरीची उंची मला कळव. त्यांवरून स्प्रिंगांचे माप ठरवू. तोपर्यंत कोणालाही ॲडव्हान्स देऊ नकोस. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी राजापूरला येतो आहे, तेव्हा व्हाळापर्यंत बरोबर जाऊ.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. तात्यांची तब्येत कशी आहे ते अवश्य लिही.

तुझा,
अविनाश