फुग्यांपेक्षा झाडावरचा रिले बरा

महोदय,
गरीब, दुर्गम देशांत इंटरनेट न्यायचे म्हटले की सगळ्यांचे डोळे आकाशाकडे लागतात. 'गूगल'च्या मूळ कंपनीने २०२० मध्ये केनियात फुग्यांवरून सेवा सुरू केली. २०२१ मध्ये खर्चाचा मेळ बसेना म्हणून गाशा गुंडाळला. त्याआधी कितीतरी वर्षे नेपाळच्या म्याग्दी जिल्ह्यातील नांगी गावात शिक्षक महाबीर पुन यांनी झाडांवर रिले (सिग्नल पुढे पाठवणारी उपकरणे) बांधून, घरी जुळवलेल्या अँटेनांनी पोखरा शहरातून डोंगरावर वाय-फाय चढवले. गावचे आरोग्य कर्मचारी शहरातल्या डॉक्टरांशी बोलू लागले. (२००७ मध्ये पुन यांना मॅगसेसे पुरस्कारही मिळाला.) देणगीदारांनी इंटरनेटच्या मनोऱ्यापुढे फोटो काढण्याआधी तो मनोरा दुरुस्त करणारी दोन पोरे गावातच तयार करावीत आणि सरकारांनी अशा छोट्या जाळ्यांची परवाना फी माफ करावी.

– एक वाचक, नाशिक